सात नंबरची बाटली

चहाच्या मळ्यात मी सव्वीस वर्षं काढली आणि मला चहातलं काही कळत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, मागून कोणी फसलो म्हणायला नको. मोताळ्याच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात माझा शाळेपासूनचा दोस्त रामदास रोज सकाळी माझ्यापुढं कप सरकवतो आणि चार माणसांत मोठ्यानं विचारतो, "सांग बे कंपाउंडर, कोन्त्या बागेची पत्ती व्हय हे?" मी घोट घेतो, डोळे मिटतो, चहा तोंडातल्या तोंडात फिरवतो आणि म्हणतो, "दूध उतू गेलेलं आहे." मंडळी खूश होतात. त्यापलीकडं माझं ज्ञान नाही.

मी तिकडं दवाखान्यात होतो. उत्तर बंगालात, भूतानच्या डोंगरांच्या पायथ्याशी, जिथं रेल्वेचा रूळ दोन्ही बाजूंनी चहाच्या झुडपांतून जातो, तिथल्या एका बागेत. बागेचं नाव लिहीत नाही. मालक बदलले, पाटी बदलली, आणि मी जे सांगणार आहे ते शेजारच्या बागेतही घडू शकलं असतं. संपादक म्हणाले, "मळ्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीचा अंक आहे." गमती आहेत. पुरतील तिथवर लिहितो.

आमच्या गावात त्या काळी औषधशास्त्राची पदविका घेतलेला मी एकटाच होतो, आणि शिकलेल्यांपैकी बेकार असलेलाही एकटाच. पेपरात जाहिरात आली, टी गार्डनमध्ये कंपाउंडर पाहिजे, राहायला घर. गार्डन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं नगरपालिकेचा बगीचा आला. बाकडी, कारंजं, पोरांसाठी घसरगुंडी. शेगावला कलकत्त्याच्या गाडीत बसवून द्यायला माय आली होती. तिनं भाकरी-ठेच्याच्या फडक्याशेजारी आणखी एक पुरचुंडी ठेवली. काडेचिराईत.

"तिकडं हिवताप लय हाय म्हन्तेत. रोज सकाळी काढा घेत जाय," ती म्हणाली. "अन् तोंड वाकडं करू नको. तुही सवय मले मालूम हाय."

ती पुरचुंडी ध्यानात ठेवा.

पहिल्या दिवशी मी कामावर दहा मिनिटं आधी पोचलो, निदान माझ्या घड्याळाप्रमाणं. बघतो तर दवाखान्यासमोरची रांग येऊन पांगलेली आणि फागू व्हरांडा धुतोय. फागू तिथला ड्रेसर, म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. पन्नाशीचा, त्याच बागेत जन्मलेला. मला म्हणाला, "पचास मिनट लेट, बाबू."

मी मनगट पुढं केलं. त्यानं घड्याळाकडं पाहिलंसुद्धा नाही. "ये तो हिंदुस्तान का टाइम है. इधर बागान का टाइम चलता है."

खोटं नव्हतं. पूर्वेकडं सूर्य लवकर उगवतो. उजेडाचा एकही तास फुकट जाऊ नये म्हणून गोऱ्या साहेबांनी मळ्यातलं घड्याळ तासभर पुढं लावून ठेवलं होतं. साहेब गेले, देशाचं एक घड्याळ झालं, पण मळ्यातला काटा कोणी मागं घेतला नाही. काट्यासारखंच बाकीचंही राहिलं होतं. मॅनेजरला बडा साहेब म्हणायचं. तो रंगानं माझ्याइतकाच काळा, पण खुर्ची गोऱ्याची होती आणि बसायची तऱ्हाही त्या खुर्चीबरोबरच मिळालेली. त्याची जीप दिसली की बाबूनं सायकलवरून उतरून बाजूला उभं राहायचं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी जीपच्या शेजारून सायकल हाणत गेलो आणि वर हात हलवून 'राम राम' घातला. त्यावर जे ऐकून घ्यावं लागलं ते दिवाळीच्या अंकात छापण्यासारखं नाही. त्यानंतर सव्वीस वर्षं मी सायकल चालवली कमी आणि उतरलो जास्त.

आता धंद्याचं सांगतो. पत्ती खुडणाऱ्या बहुतेक बाया. त्यांच्या आज्या-पणज्यांना साहेबांच्या दलालांनी छोटा नागपूरकडच्या डोंगरांतून आणलं होतं. तिकडं झाड हलवलं की पैसा पडतो, असं सांगून. आणलं खरं, परत जायची वाट मात्र कोणी दाखवली नाही. त्यांच्या खोल्यांच्या रांगांना 'लाईन' म्हणतात. घर बागेचं. घरातलं एक माणूस बागेच्या हजेरीवर आहे तोवर घर. हजेरीवरून नाव कटलं की घराला कुलूप. मग तिथं तुमच्या चार पिढ्या जन्मलेल्या असोत.

रोज सकाळी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर घण मारून कामाची घंटा व्हायची. त्याआधी आजाऱ्यांनी दवाखान्यासमोर रांग धरायची. मी एकेकाला बघायचं आणि वहीत नावापुढं एक शब्द लिहायचा. 'सिक' किंवा 'फिट'. सिक म्हणजे आज घरी पडून राहायची परवानगी. फिट म्हणजे उचल टोपली. न विचारता घरी राहिलं तर गैरहजर, आणि गैरहजेऱ्या साठल्या की नाव कटायचं. डॉक्टर चार बागांना मिळून एक. आमच्याकडं ते गुरुवारी यायचे. उरलेले दिवस कोण आजारी आणि कोण नाही, हे मोताळ्याचा हा पदविकाधारी ठरवायचा.

सुरुवातीला मला कोणीही फसवायचं. एक गडी काखेत कांदा दाबून यायचा आणि थर्मामीटर शंभरावर चढवायचा. ही विद्या मी स्वतः शाळेत असताना वापरलेली, तरी कळलं नाही. कांद्याचा वास आला तेव्हा मला वाटलं, न्याहारी करून आलाय. एक बाई रोज लंगडायची, सोमवारी डाव्या पायानं, मंगळवारी उजव्या. एक जण तर सरळ म्हणाला, "हम ठीक है बाबू, बकरी ब्याने वाला है. बकरी के नाम पे सिक लिख दो." त्याच्या खरेपणावर मी इतका खूश झालो की लिहून दिलं. महिना उलटला आणि बड्या साहेबानं बोलावलं. उभंच ठेवलं. म्हणाला, "तुम दवाखाना चलाता है कि धर्मशाला?"

परत येताना मला माय आठवली. लहानपणी शाळा चुकवायला मी पोट धरून बसलो की ती रागवायची नाही. चिराईताचा काढा पुढं करायची. तिचा सिद्धांत असा की खऱ्या आजाऱ्याचं तोंड आधीच कडू झालेलं असतं. त्याला काढा जाणवत नाही, तो गुपचूप पितो. सोंगाड्याची जीभ जिवंत असते, तो तोंड वाकडं करतो. मी दर वेळी तोंड वाकडं करायचो आणि दप्तर पाठीवर यायचं.

दवाखान्यात मिक्श्चरं सहा होती. मी सातवं केलं. चिराईत भिजत घालायचं, आटवायचं, चौकोनी बाटलीत भरायचं, वर लेबल '७'. रांगेतल्या प्रत्येकाला पेल्यात घोटभर द्यायचं आणि तोंडाकडं बघत राहायचं. वाकडं झालं की फिट. पोराला शाळेत हाकलायची आईची युक्ती मी नातवंडं असलेल्या बायांवर चालवली, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, वा.

रांग आठवड्यात निम्म्यावर आली. लाईनीत माझं नाव झालं, 'सात नंबर बाबू'. अशातच एका सकाळी छोटा साहेब, म्हणजे बड्या साहेबाचा असिस्टंट, क्लबात जास्त झाल्यामुळं डोकं धरून आला. फागूनं भाबडेपणानं सात नंबरचा पेला त्याच्या हातात दिला. भाबडेपणानं असं तेव्हा मला वाटलं. साहेबानं एका दमात घेतला आणि कठड्यावरून खालच्या क्रोटनांवर सगळा परत केला. रांगेत मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "फिट." त्या दिवशी खरी आजारी माणसंही हसली. छोटा साहेब तीन दिवस बंगल्याबाहेर आला नाही. त्याचं नाव आमच्या वहीत नव्हतं.

बक्षीस म्हणून बड्या साहेबानं मला बंगल्यावर चहाला बोलावलं. आमच्या बागेत काय पिकतं हे मला त्या दिवशी कळलं. सोनेरी पाणी, दूध नाही, साखर नाही, आणि घोट उतरल्यावर तोंडात कसलासा मोहोर. मी तो बशीत ओतून फुर्र करून प्यायलो. मेमसाहेब भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांकडं बघत राहिली.

खुडणाऱ्या बायांच्या वाट्याला ही पत्ती कधी आली नाही. त्यांना फॅक्टरीतली झाडून काढलेली भुकटी. मळ्यात मधल्या वेळी मोठ्या डब्यातून काळा चहा यायचा, त्यात साखरेच्या जागी मीठ. घामातून मीठ जातं म्हणून साहेबांनी हे कधीतरी सुरू केलं म्हणतात. साखरेपेक्षा मीठ परवडतं, हेही असेल. बायांना त्याची सवय लागून गेलेली. जिच्या-तिच्या पदराच्या गाठीला मिठाची पुडी. मी हे रोज पाहत होतो. पण पाहणं आणि कळणं यांत माझ्या बाबतीत नेहमी मळ्याच्या आणि देशाच्या घड्याळाएवढं अंतर राहिलेलं आहे.

मायला पत्र लिहिलं, तुझ्या काढ्यावर इथला दवाखाना चालतो, आणखी पाठव. तिनं मोताळ्याच्या बाजारातून घेऊन मोठं पार्सल केलं. आत शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेली चिठ्ठी, "लोकायले नीट बरं कर. अनोयखी गाव हाय, कोनाचे शिव्याशाप घेऊ नको." मी लोकांना बरं करतोय अशी तिची समजूत झाली होती.

मग हळूहळू काहीतरी बिघडलं. बाया पेला घ्यायच्या, गिळायच्या आणि देवळातल्या मूर्तीसारखं तोंड ठेवून उभ्या राहायच्या. मी काढा दुप्पट आटवला. ढिम्म फरक नाही. मी स्वतः थेंब जिभेवर घेतला आणि दुपारपर्यंत जेवू शकलो नाही. फागूला म्हटलं, "इन लोगों की जीभ मर गई क्या?"

तो कापसाचे बोळे करत होता. मान वर न करता म्हणाला, "मर गया होगा बाबू. बहुत पुराना जीभ है."

पावसाळा भरात होता. त्या दिवसांत पत्ती इतकी फुटते की आठवड्याच्या आत खुडली नाही तर जून होते, मग तिला कोणी विचारत नाही. हात कमी पडत होते. बडा साहेब जीप थांबवून म्हणाला, "तुम्हारा बोतल ढीला पड गया." मी सायकल धरून उभा होतो. "टाइट करता हूँ साहब," असं म्हणालो.

सुखमनी तिशीच्या आतली होती. खुडण्यात पहिल्या दोघी-तिघींत. नवरा चार महिन्यांपूर्वी भूतानात रस्त्याच्या कामाला गेला, त्यानंतर त्याची खबर नव्हती. घरात ती आणि सासू बुधनी. बुधनीनं थकल्यावर आपली हजेरी सुनेच्या नावावर करून दिलेली. म्हणजे दोघींच्या डोक्यावरचं छप्पर सुखमनीच्या नावावर उभं होतं. तिला सातवा महिना होता. बाळंतपणाची रजा आठव्याला सुरू व्हायची.

एका गुरुवारी ती सुजलेले पाय घेऊन आली. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, वाढलेला होता. गोळ्या दिल्या आणि मला इंग्रजीत म्हणाले, "हिला मीठ बंद करायला सांगा. पुढच्या गुरुवारी मी परत बघतो. मधे डोकं दुखलं, डोळ्यांपुढं काही चमकायला लागलं, तर माझी वाट बघू नका. मोठ्या इस्पितळात पाठवा."

डॉक्टर बंगल्याकडं गेल्यावर मी ते माझ्या पद्धतीनं सांगितलं. मला रांग हसवायची खोड होती. म्हणालो, "नमक एकदम बंद. भात में नहीं, चाय में नहीं. एक दाना भी जीभ को लगा, तो बच्चा अंदर सूज के ढोल हो जाएगा." हातानं ढोल करून दाखवला. रांग हसली. सुखमनी हसली नाही. तिनं पदराची गाठ सोडली, मिठाची पुडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवून गेली.

पुढच्या गुरुवारी नदी चढली आणि डॉक्टर आलेच नाहीत. शनिवारी सकाळी सुखमनी रांगेत उभी होती.

"क्या हुआ?"

"माथा फट रहा है बाबू."

"और?"

"आँख के सामने जुगनू उडता है."

रक्तदाबाचं यंत्र माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात होतं. मला ते लावता यायचं. डॉक्टरांचं वाक्य मला पाठ होतं, आज इतक्या वर्षांनीही आहे. पण तिच्यामागं तीसेक माणसं उभी होती, घंटा होत आली होती, आणि कितीतरी दिवसांत सात नंबरनं एकाही माणसाला पकडलं नव्हतं. माझा हात बाटलीकडं गेला.

तिनं पेला तोंडाला लावला. घोट आत गेला आणि तिचं तोंड वाकडं झालं, पार कपाळापर्यंत. ती कठड्याकडं धावली आणि ओकली.

मला आनंद झाला. हे वाक्य लिहायला मी टाळाटाळ करत होतो, म्हणून वर बकरी आणि कांदा आले. एक सापडली, असा आनंद झाला. मी रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "दिन में जुगनू दिखता है? फिर तो नजर बहुत तेज है. जा, पत्ती तोड." दोघंतिघं हसले. फागू नुसतं "बाबू" म्हणाला आणि थांबला. मी वहीत लिहिलं. सुखमनी, फिट.

तिनं नळावर तोंड धुतलं, पेला विसळला आणि परत जागेवर ठेवून गेली.

नऊच्या सुमाराला, म्हणजे मळ्याच्या नऊला, मुकादम धावत आला. सुखमनी झुडपांच्या ओळीत पडली होती, अंगाला झटके येत होते, दातांत जीभ सापडली होती. ट्रॅक्टरची ट्रॉली जवळच उभी होती, पण पत्तीनं भरलेली. पत्ती आधी फॅक्टरीत उतरली, मग ट्रॉली आली. मी तिच्या उशाशी बसलो, रक्तदाबाचं यंत्र मांडीवर घेऊन. आता ते खणातून काढलं होतं. इस्पितळाच्या अलीकडं रेल्वेचं फाटक आहे. फाटक बंद होतं. मालगाडी सावकाश चालली होती. तिथं ती गेली, आणि पोटातलं मूलही.

बड्या साहेबानं वही मागवली.

"आयी थी?"

"हाँ साहब."

"देखा था?"

"हाँ साहब."

"क्या लिखा?"

"फिट."

त्यानं वही मिटून माझ्याकडं सरकवली. "तो फिट थी. अचानक हुआ."

चौकशीला कोणी आले, बंगल्यावर सोनेरी चहा पिऊन गेले. मला कोणी काही म्हणालं नाही. लाईनीतल्या लोकांनी मला धरून बडवावं, याची मी रोज वाट पाहायचो. ते समोर दिसले की पूर्वीसारखेच हात जोडायचे. मी सात नंबर कपाटात ठेवून दिला. फेकला नाही. सिद्धांत बरोबर आहे, एखादा अपवाद निघतो, अशी मी स्वतःची समजूत काढत होतो. पदविकेत निदान अपवाद हा शब्द तरी शिकलो होतो.

दहाबारा दिवसांनी रांगेत बुधनी दिसली. साठी उलटलेली, बोटं खुडून खुडून वाकडी झालेली. तिचा नंबर आला तसं मी मान खाली घालून 'सिक' लिहायला घेतलं.

"सिक नहीं," ती म्हणाली. "फिट लिखो."

सुखमनीचं नाव कटलं होतं. आता घरातलं कोणी हजेरीवर आलं नाही तर खोलीला कुलूप लागणार होतं. म्हातारीला परत कामावर घ्यायचं तर दवाखान्याचा शब्द लागत होता.

"इस उमर में?" मी म्हणालो.

"सात नंबर दो."

"वो अब नहीं देता मैं."

"दो ना बाबू. सबको दिया, हमको भी दो."

फागूनं मला न विचारता कपाट उघडलं आणि पेला काठोकाठ भरून तिच्या हातात दिला. तिनं तो पाणी प्यावं तसा सावकाश संपवला. तोंडावरची एक सुरकुती हलली नाही. मग ती टेबलावर माझ्याकडं वाकली, तोंड उघडलं आणि जीभ वर उचलली. जिभेखाली मिठाचा खडा होता, अर्धा विरघळलेला.

"हमारा सास सिखाया था," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "साहब लोग का डाक्टर भी ऐसे ही पिलाता था. कुनैन. जो मुँह बनाया, उसको टोकरी. नमक रहने से कडवा नहीं लगता. सास हमको सिखाया, हम सुखमनी को सिखाया. पूरा लाईन को मालूम है."

मी फागूकडं पाहिलं. तो कपाट लावत होता.

"उस दिन हम बोला, एक दाना रख ले, बाबू बोतल पिलाएगा," बुधनी म्हणाली. "बोली, नहीं, बाबू मना किया है. बच्चा सूज जाएगा."

एवढे दिवस मी समजत होतो की युक्ती माझ्या मायची, मोताळ्याची. कोणा गोऱ्यानं क्विनाईन पाजून ती त्याच व्हरांड्यात माझ्या जन्माआधीच करून ठेवली होती, आणि तिच्यावरचा उतारा बायांनी सासूकडून सुनेकडं पोचवत आणला होता. मी पहिल्यांदा बाटली काढली तेव्हा म्हाताऱ्यांनी ती लगेच ओळखली असणार. चेहरे मूर्तीसारखे व्हायला महिना गेला, तो नव्या सुनांना शिकवण्यात. साऱ्या बागेत माझं म्हणणं मनावर घेणारी एकच बाई निघाली.

"लिखो बाबू," बुधनी म्हणाली. "घंटी हो जाएगा."

मी लिहिलं. बुधनी, फिट. ती सुखमनीचीच टोपली घेऊन आली होती. पट्टा कपाळाला लावून निघाली. त्यानंतर आणखी चार पावसाळे तिनं खुडलं.

मी नोकरी सोडली, असं इथं लिहिता आलं असतं तर लेखाला बरं वळण मिळालं असतं. सोडली नाही. माझंही घर बागेचंच होतं. बाटली त्याच दुपारी विहिरीमागं नेऊन फोडली. यंत्र खणातून टेबलावर आणलं, आणि घंटा होवो न होवो, प्रत्येकाच्या दंडाला बांधायला लागलो. माझ्या वहीतले 'सिक' इतके वाढले की तीनदा लेखी समज मिळाली. ते तिन्ही कागद माझ्याकडं आहेत. सव्वीस वर्षांची कमाई म्हणून दाखवायला दुसरं काही नाही.

मायला हे कधी सांगितलं नाही. ती जिवंत होती तोवर दर पावसाळ्यात चिराईताचं पार्सल यायचं. मी ते रोज सकाळी स्वतः प्यायचो. तोंड दर वेळी वाकडं व्हायचं. म्हणजे मी फिट.

रामदासला मी छोट्या साहेबाची आणि मिठाच्या चहाची गंमत सांगितलेली आहे. त्यापुढचं त्याला हा अंक हातात पडल्यावरच कळेल. परवा तो हॉटेलवाल्याला म्हणाला, "कंपाउंडरच्या कपात जरा मीठ टाक रे भाऊ, याले बागेची याद येऊन राह्यली." सगळे हसले. मीही हसलो, रांग हसवायची खोड अजून गेलेली नाही.

दोन वर्षांपासून मलाही रक्तदाब आहे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. नीट समजावून सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. मी बायकोची नजर चुकवून खातो. सुखमनीनं पाळलं होतं.